उजवीकडची खाच

१

सहाही काचपात्रांच्या तळाचं पाणी स्वच्छ होतं, आणि गोंधळ नेमका तोच होता.

ते लाल व्हायला हवं होतं, निदान गुलाबी तरी. कर्करोगावरचं हे औषध मुळातच लाल. शिरेतून देतात तेव्हा नळीतून उतरताना दिसतं, आणि गाठीपर्यंत पोचायच्या आधी केस, भूक, हृदय अशा सगळ्यांना धक्के देत जातं. ते शिरेतून न देता, गाठ जिथे कातडीलगत असेल तिथेच कातडीतून आत सोडता आलं तर? आमच्या रुग्णालयाशेजारच्या संशोधन संस्थेत एक मुलगी काही वर्षं याच मागे लागली होती. तिने अंगठ्याच्या नखाएवढी पट्टी बनवली होती. पट्टीच्या पोटाला साखरेच्या बारीक सुया, आणि सुयांत औषध. पट्टी दाबली की सुया कातडीचा वरचा कठीण थर भेदून आत शिरतात आणि विरघळतात. मुलगी अंगानेही किडकिडीत, त्यामुळे सगळी संस्था तिला सुईच म्हणत असे.

पट्टीची चाचणी माणसावर घेण्याआधी डुकराच्या कानाच्या कातडीवर घेतात. ती आपल्या कातडीच्या बरीच जवळची. काचपात्राच्या दोन भागांमध्ये कातडीचा तुकडा चिमट्याने घट्ट बसवायचा, वर पट्टी, खाली पाणी. औषध कातडी ओलांडून पाण्यात उतरलं की पट्टी पास. सुईची पट्टी आजवर दर वेळी पास झाली होती. पैसे देणारी समिती मात्र म्हणाली, आमच्या डोळ्यांदेखत करा. तिने केलं, आणि एकाही पात्रात थेंबभर औषध उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालक माझ्या खोलीत आले. मी रुग्णालयात पेशी तपासते. कातडी सूक्ष्मदर्शकाखाली बघत माझं आयुष्य गेलं आहे.

"डॉक्टरबाई, उद्या दुपारी समिती पुन्हा बसतेय," ते म्हणाले. "आधीचे सगळे आकडे पोरीने घरी बसून रचले, असं त्यांचं म्हणणं आहे. तसं ठरलं तर प्रकल्प बंद, तिची पदवी परत, आणि या क्षेत्रात तिला कुणी दारात उभं करणार नाही. खोट कातडीत आहे की पोरीत, तेवढं मला सांगा."

"पाणी कुणी तपासलं?"

"तिच्या नवऱ्याने. मोजणीचं यंत्र त्याच्याकडेच आहे."

मी संचालकांकडे नुसतं पाहिलं.

"तेच ना," ते म्हणाले आणि समितीने मोहोर लावून ठेवलेल्या बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

२

बाटल्या मी आमच्याच रुग्णालयाच्या यंत्रावर तपासून घेतल्या. पाणी खरोखरच कोरं होतं. म्हणजे मोजणी खोटी नव्हती. तरी नवऱ्याला भेटले. यंत्राच्या खोलीत तो पाठमोरा बसला होता.

"विचारा," तो न वळताच म्हणाला. "सगळे तेच विचारतायत, फक्त तोंडाने बोलत नाहीत. बायको पुढे गेली म्हणून नवऱ्याचं पोट दुखतं का? दुखतं. शोधनिबंधावर तिचं नाव, माझं आभारात. घरी फोन वाजला की माझी आईच मला म्हणते, अरे बघ, तिचाच असेल."

"आभारात तरी आहे," मी म्हटलं.

तो वळला आणि पहिल्यांदा हसला. "हो. तेही शेवटून दुसरं. शेवटी वीजपुरवठा विभाग." मग हसू गेलं. "ती रात्रभर जुन्या नोंदी चाळत होती. स्वतःच्याच. मला विचारत होती, मी कुठे काही खोटं तर नाही ना लिहिलं? असं बोलणारं माणूस पाहिलंय तुम्ही?"

दुसरी खोली मलमवाल्या सरांची. हेच औषध मलमातून देण्यासाठी त्यांनी उमेदीचा सगळा काळ घालवला होता, आणि सुईची पट्टी आल्यापासून त्यांचं कपाट व्हरांड्यात आलं होतं.

"मला आनंद झालाय असं लिहून घ्या," सर म्हणाले. "माझं मलम आत जात नाही, म्हणून हसत होते सगळे. हिची पट्टीही जात नाही. आता दोघंही बाहेरच."

"पट्ट्या कुणी बदलल्या असतील?"

"मी. म्हणजे, तुम्हाला तसंच वाटतंय ना? बाई, मला बदलता आल्या असत्या तर मी माझ्या नावाने चालणाऱ्या आणल्या असत्या." त्यांनी माझ्या हातातल्या डबीत डोकावून पाहिलं. त्यात प्रयोगातला एक तुकडा होता. "हे कोपऱ्यात काय कुरतडलंय? उंदीर झालेत का शीतकपाटात?"

जिन्यात मॅडम भेटली. मॅडम म्हणजे सुईची मार्गदर्शक, या प्रयोगशाळेची संस्थापक आणि कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी. सगळेच तिला मॅडम म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"अगं, तूच आलीस ते बरं झालं," ती म्हणाली. "पोरीला जप. मी समितीला सांगणार आहे, प्रकल्प माझ्या नावावर करा, ती माझ्या हाताखाली राहील. निदान तिला प्रयोगशाळेबाहेर तरी पडावं लागणार नाही."

"तिने आकडे रचले असं तुला वाटतं?"

"छे!" ती इतक्या जोरात म्हणाली की खालच्या पायरीवरचा माणूस वळून बघायला लागला.

संध्याकाळच्या आत मी सहाही तुकड्यांचे उभे काप घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पट्टीत औषध नसतं तर कातडी कोरी दिसली असती. ती कोरी नव्हती. बारीक लाल खड्ड्यांची सरळ रांग होती, प्रत्येक सुईचा एक. पट्ट्या अस्सल होत्या, सुया बरोबर टोचल्या गेल्या होत्या.

फक्त लाल खड्डे मऊ मांसल बाजूला होते. कठीण थर खाली होता, अखंड, एकही भोक नसलेला. सुया त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, आणि औषध त्या बंद दारापाशी अडून बसलं होतं.

सहाच्या सहा तुकडे उलटे लावलेले होते.

३

"उलटे?" सुई म्हणाली. तिने स्टुलाची कड धरली. "मी लावले. माझ्या हातांनी. पण मी खाच बघून लावले."

कातडी सोलून पातळ केली, केस काढले आणि मिठाच्या पाण्यात भिजवली, की दोन्ही बाजू सारख्याच फिकट आणि बुळबुळीत दिसतात. म्हणून या प्रयोगशाळेची एक जुनी पद्धत आहे. तुकडा लांबट कापायचा आणि कापतानाच एका कोपऱ्याला खाच पाडून ठेवायची. नंतर लांब बाजू आडवी धरून खाच वर, उजव्या हाताला आली, की समजायचं कठीण बाजू आपल्याकडे आहे. तुकडा कसाही गोल फिरवा, उलटा असेल तर वरची खाच उजवीकडे येतच नाही.

मी पात्रांतले तुकडे आठवले. सहाही खाचा वर, उजवीकडे होत्या. सुई खरं बोलत होती. खाच खोटं बोलत होती.

"टिपकागदाने पुसलं की कठीण बाजू निस्तेज दिसते," मी म्हटलं. "ते नाही पाहिलंस?"

"नाही पाहिलं. समितीतले सगळे मानेवर श्वास सोडत होते. आणि खाच होती ना. घरातल्या जिन्यावर आपण पायऱ्या बघत नाही, तसं." तिचा आवाज एकदम खाली गेला. "म्हणजे मी आधी काही खोटं केलं नव्हतं?"

"आधीचं मला माहीत नाही. कालचं पाणी कोरं का राहिलं, ते कळलं."

ती रडली नाही. उठून नळाखाली हात धुतले, बराच वेळ, आणि म्हणाली, "तुकडे ताई कापते."

तिच्या तोंडून ते नाव निघताच मागून उत्तर आलं. "हो, मीच कापते. आणि आता मलाच सुळावर चढवा."

ताई प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी सहायक. कापणं, भिजवणं, गोठवणं सगळं तिच्याकडे. सुई इथे आली तेव्हा तिला पातं कसं धरायचं ते ताईने शिकवलं, आणि गेल्या वर्षी ती परदेशातल्या परिषदेला गेली तेव्हा ताईचं नाव कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"राग आला होता?" मी विचारलं.

"येणार नाही? हिच्या पट्ट्या बघायला लोक विमानाने येतात. ज्या कातडीवर त्या चिकटतात ती माझी. मला कुणी विचारलं का, बाई, एवढी कातडी कशी सोलता?" तिने सुईकडे तिरकं पाहिलं. "ही मात्र विचारते. आणि तिखट जास्त असलं तरी माझा डबा संपवते. म्हणून वाचली."

समितीसमोरच्या प्रयोगासाठी राखीव ठेवलेले दोन तुकडे अजून त्यांच्या पेटीतच होते. मी त्यातला एक ताईपुढे धरला. तिने तो दिव्याखाली नेला, बोटावर फिरवला, कड नखाने चाचपली. चेहऱ्यावर आधी नवल आलं आणि मग एक जुनी, आंबट गोष्ट आली, जी मला आरशातून ओळखीची आहे.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "कुणाचा आहे? फार सुरेख कापलाय मेल्याने."

४

ताई स्वतःला वाचवण्यासाठी तसं म्हणत असेल, म्हणून मी तिचे जुने साठवलेले तुकडे काढायला सांगितले. ती डावखुरी. तिच्या पात्याचा काप किंचित एका बाजूला कलतो, दर वेळी त्याच बाजूला. पेटीतल्या तुकड्याची कड दुसरीकडे कलत होती. उजव्या हाताचं काम, आणि असं सफाईचं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाडीत फरक नाही. हाताच्या पात्याने अशी कातडी सोलायला वर्षं लागतात.

ताईने कापलेले तुकडे कुठे गेले, तेही शोधलं. शीतकपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, नीट गुंडाळून ठेवलेले होते. कपाटाला कुलूप नसतं. पण ज्याला नुसतं वाटोळं करायचं तो ते फेकून देतो. जपून ठेवत नाही.

"खाच पहिल्यापासून उजवीकडेच आहे का?" मी ताईला विचारलं.

"नाही हो. मी आले तेव्हा डावीकडे असायची. मला डाव्या हाताने ती पाडताना पातं अंगठ्यावर यायचं. दोनदा कापून घेतलं आणि म्हटलं, पुरे. उजवीकडे केली. तेव्हापासून सगळे तशीच वाचतात."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात? जे कापतात, जे लावतात, त्यांना ठाऊक. बाकी कुणाला गरज काय?"

मी सुईच्या स्टुलावर बसले आणि सगळं एकापाठोपाठ एक मांडलं. तुकडे बदलणाऱ्याला खाचेची पद्धत ठाऊक होती. मलमवाल्या सरांना खाच उंदराने कुरतडलेली वाटली, ते सुटले. नवऱ्याने ती पद्धत बायकोच्या तोंडून घरी ऐकली असेल, पण असं सोलणं ऐकून येत नाही. ताईला सोलता येतं, पण तिचा हात वेगळा. आणि मुद्दाम फसवणारा माणूस एवढ्या मायेने कातडी का सोलेल? उलटी खाच पाडायला तर कसलाही तुकडा चालला असता.

म्हणजे त्याला फसवायचं नव्हतंच. त्याने आपल्या समजुतीने खाच बरोबर पाडली होती. फक्त त्याची समजूत ताई यायच्या आधीची होती.

असं माणूस संस्थेत एकच उरलं होतं. मी राखीव तुकडा डबीत घातला आणि वरच्या मजल्यावर गेले.

मॅडमच्या टेबलावर मी काचपात्र ठेवलं, शेजारी डबी. "जरा लावून दाखव ना," मी म्हटलं. "मला हे कधी जमलं नाही."

"तुला कॉलेजातही जमत नव्हतं," ती म्हणाली, आणि तिची बोटं आपोआप कामाला लागली. तुकडा उचलला, लांब बाजू आडवी केली, उलटवला, पात्राच्या तोंडावर पसरला. तोवर ती माझ्याशी समितीबद्दल बोलत होती. मग तिची नजर खाली गेली.

खाच वर, डावीकडे होती.

५

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"कालच. पाणी कोरं दिसलं तेव्हा जवळ गेले. सगळ्या खाचा उजवीकडे." तिने हातमोजा काढला. "आदल्या संध्याकाळी खाली कुणी नव्हतं. म्हटलं, एवढा मोठा दिवस, निदान कातडी तरी माझ्या हातची असू दे. ती बाई कापते ते मला कधीच आवडलं नाही. कलतं."

"सुईला सांगायचंस."

"तिला? अगं, ती त्या बाईला ताई म्हणते. डबा एकत्र खातात. प्रयोग बिघडला तर आधी तिच्याकडे जाते. आणि माझ्या खोलीत येताना दार वाजवते. तिला या विषयात मी आणलं. मी अजून मॅडमच."

"कळल्यावर का नाही बोललीस?"

"काय बोलू? माझ्याच प्रयोगशाळेत खाच कुठे पाडतात ते मला माहीत नाही, असं?" ती खिडकीकडे वळली. "आणि खरं ऐकायचंय? पाणी स्वच्छ दिसलं तेव्हा आधी मला बरं वाटलं. वाटलं, आता ही माझ्याकडे येईल. समितीने खोटारडी म्हटल्यावर घाबरले. पण तोवर तोंड मिटलं होतं, ते उघडेना."

मला तिला खूप काही सुनवायचं होतं. पण माझ्याकडे दार वाजवूनही कुणी येत नाही, हे मनात आलं आणि मी एवढंच म्हटलं, "उद्या मी समितीला सांगणार आहे. तू आधी सांगितलंस तर बरं दिसेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी समिती टेबलाभोवती बसली. सुई भिंतीपाशी उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "या मुलीच्या आधीच्या निष्कर्षांबाबत..."

"तुकडे मी बदलले," मॅडम म्हणाली.

तिने सगळं सांगितलं, काही न गाळता. खाच डावीकडे असायची ते दिवस, ती संध्याकाळ, पाणी पाहिल्यावर मनात आलेलं ते बरं वाटणंसुद्धा. मी सूक्ष्मदर्शकातली चित्रं दाखवली. मलमवाले सर पुटपुटले, "म्हणजे आत जातं तर," आणि खट्टू होऊन बसले.

"पण मुलीने पुसून का पाहिलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाहायला हवं होतं," सुई म्हणाली. "ती चूक माझी. आत्ता पुन्हा करते. तुम्ही थांबाल?"

ते थांबले. ताईने खालच्या कप्प्यातले आपले तुकडे आणले आणि भिजवले. सुईने एकेक पुसला, निस्तेज बाजू अध्यक्षांना दाखवली, मगच लावला. सगळे चहाला पांगले तेव्हा ती मॅडमपुढे येऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मी आईला फोन करून सांगितलं, कदाचित मीच खोटं केलं असेल, मला आठवत नाहीये. आई म्हणाली, घरी ये. मी सामान भरलं होतं, मॅडम."

"हो," मॅडम म्हणाली. सुई पुढचं ऐकायला थांबली नाही.

दुपार कलली तेव्हा पहिल्या पात्राच्या तळाशी रंग आला. आधी वाटलं, बाहेरच्या उन्हाचा आहे. नवरा बाटली घेऊन यंत्राकडे पळाला आणि दारातूनच ओरडला, "आहे! औषधच आहे!" मग दुसरं पात्र, मग उरलेली. तळाला फिकट गुलाबी, नंतर गडद होत जाणारं. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळी वाजवली, आणि सगळे वाजवू लागले.

सुईची मान सवयीने मॅडमकडे वळली. ओठ 'बघा' म्हणायला उघडलेसुद्धा. मग तिला आठवलं. मान तिथून निघाली, आणि तिने ताईचा ओला हात पकडला.

हळूहळू टाळ्या थांबल्या. मॅडमच्या मात्र त्यानंतरही थोडा वेळ चालू होत्या.